मंगाफचा इंत्रूज

कुर्याकोसचा उपवास सोमवारी लागतो, माझा बुधवारी.
देव एक, कॅलेंडरं दोन,
आणि सहा जणांच्या खोलीत शेगडी एकच.
म्हणून रविवारी रात्री शिफ्टवरून आल्या आल्या
त्याने तीन किलो बीफ परातीत ओतलं
आणि म्हणाला, पेत्रत्ता.
म्हणजे काय रे?
म्हणजे मागे वळून बघायचं.
आणि त्याने खरंच मान वळवली,
दाराशी पडलेल्या बारा बुटांकडे पाहिलं,
मग खोबरं तळायला घेतलं.

सोमवारी तो पेज आणि चवळी घेऊन बसला.
माझ्या पातेल्याकडे बघत नव्हता,
किती बघत नव्हता ते मला दिसत होतं.

बाटली मसाला बहिणीने पाठवलाय, विमानतळावर हुंगून सोडलेला.
बाकी इंद्यालचं जे मूळ, त्याचं इथे नाव काढायचं नाही,
फुग्यांच्या पिठाला ताडी नाही,
यीस्ट आणि साखरेवर फुगतात ते, थोडे रुसल्यासारखे.
फोनवर बापूस विचारतो, यंदा काय सोडणार?
मी म्हणतो, मटण.
कुवेतमध्ये अकरावं वर्ष चालू आहे, पास्कूबाबा,
हातात नाही ते सोडायचं कसं
हे प्रवचनात कुणी सांगितलं नाही.

गासला या मंगळवारी बापये लुगडी नेसायचे.
मिशा तशाच, तोंडाला तांदळाचं पीठ,
पुढे एक फुटका ढोल, मागे आम्ही पोरं.
कुणी अंडं द्यायचं, कुणी फुगे,
मच्याडोंची म्हातारी नुसत्या शिव्या, पण पोटभर.
शिमगा गेला तरी कवित्व उरतं म्हणतात.
आमचं कवित्व रात्री बाराच्या घंटेला गिळायचं,
चाळीस दिवस पोटात ठेवायचं.

आई गेली त्या वर्षी बापसाने ट्रंकेतून तिचंच लुगडं काढलं,
लाल, डांबरगोळ्यांच्या वासाचं.
लोक म्हणाले, पास्कू, यंदा राहू दे.
तो नाचला.
तुस्कानोंच्या विहिरीपाशी आंधळी इनासमावशी बसलेली,
तिने सळसळ ऐकली, तोंड वर केलं:
रेमेद, आलीस का गं?
ढोल थांबला.
आणि बापूस आपल्या जाड, विडीच्या आवाजात म्हणाला,
हो, आले.
त्यानंतर कुणाला पुढच्या घरी जायचं सुचेना.

इथे मंगळवार म्हणजे राष्ट्रीय दिनाची सुट्टी.
समुद्राच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या चालीने,
छतातून बाहेर निघालेली पोरं, गालांवर चार रंग,
हातात फेसाचे डबे, पाण्याचे फुगे.
त्यांना ठाऊक नाही आज कसला मंगळवार,
कशाला ठाऊक असावं?
कंपनीच्या बसमध्ये सगळे ओरडले, काचा लावा, काचा लावा.
माझी काच अडकली म्हणून सांगितलं.
अडकली नव्हती.
सातआठ वर्षांचा एक पोरगा, दात पडलेला,
माझ्याकडे बघून थबकला, परवानगी मागितल्यासारखा.
मी तोंड पुढे केलं.

साबणाची चव होती.
कुर्याकोस, ज्याने सिगारेटही सोडली आहे,
उपवासात हसू नये असा काही नियम नाही म्हणत
गुडघ्यावर हात आपटून हसला.

बुधवारी अहमदीच्या चर्चात उभं राहायलाही जागा नव्हती.
गेल्या वर्षीची खजुराची झावळी
मी पलंगाच्या लोखंडात खोचून ठेवली होती,
वरच्या माणसाचं वजन झेलून वाकलेली.
गेल्या शुक्रवारी ती दारातल्या पोत्यात टाकली.
आता त्या सगळ्यांची राख एका वाटीत,
कुणाची कुठली ते फादरलाही कळणार नाही.
अंगठा कपाळाला टेकला.
तू माती आहेस, म्हणाले.
कानामागे कालचा फेस वाळून कडक झाला होता,
तो मी पुसला नाही.

रात्री बापसाचा फोन.
इंत्रूज केला का?
केला.
लुगडं कुठून आणलंस?
लुगडं नाही बाबा. फेस.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मग विचारलं, कुणी हाक मारली का?